खांदशेकणी

पोळ्याची छायाचित्रे छापून येतात ती दुसऱ्या दिवसाची. झुली, बाशिंगे, शिंगांना बेगड, तोरणाखाली लागलेली बैलांची रांग. आदल्या संध्याकाळी गोठ्यात जे चालते त्याचा फोटो सहसा कोणी काढत नाही. एक माणूस बैलाच्या मानेशी उभा राहून त्याचा खांदा चोळत असतो, एवढेच तिथे दिसते. आमच्या वऱ्हाडात याला खांदशेकणी म्हणतात, इतरत्र खांदमळणी. शेतकऱ्याच्या घरात वाढलो आणि पुढे सगळी चाकरी पशुवैद्यकीय दवाखान्यांत केली. एवढ्यावरून माझे मत पक्के झाले आहे की पोळ्याचा जीव या संध्याकाळी आहे. दुसऱ्या दिवशी गावाचा सण असतो, आदल्या दिवशी बैलाचा.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. त्या दिवशी दुपारीच जू उतरायचे. बैल नाल्यावर नेऊन धुवायचे, अंग कोरडे होईपर्यंत उन्हात बांधायचे. सांजेला आई चुलीवर पाणी तापवायची. वडील त्या कोमट पाण्यात फडके भिजवून खांदा पुसायला घेत. धूळ, घाम आणि गळालेले केस यांचा जो थर बसलेला असतो तो पहिल्या हाताला निघत नाही, भिजवून सैल करावा लागतो. मग वाटीत तूप आणि हळद कालवलेली असे. पळसाच्या पानाला ती लावायची, पान निखाऱ्यावर धरायचे आणि सोसवेल इतके गरम झाले की खांद्यावर ठेवून तळव्याने दाबायचे. आधी पाखऱ्याचा खांदा, मग चांद्याचा. पाखऱ्या मान खाली घालून लांब करायचा आणि कान सोडून द्यायचा. चांद्याला मात्र पहिले पान लागले की तो बिचकायचा. तो डावीकडे चालणारा बैल होता आणि उंचीने पाखऱ्यापेक्षा थोडा कमी, त्यामुळे ओझे त्याच्या अंगावर जास्त येई. त्याचा खांदा नेहमीच दुखरा असे.

शेकून झाले की आई कुंकू लावायची आणि दोघांना आवतण द्यायची, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. घरच्या जनावराला पाहुण्यासारखे रीतसर जेवायला बोलवायचे, तेही आदल्या दिवशी. लग्नाचे आवतण देतात तसे, दारात उभे राहून, नाव घेऊन.

वडील तापट होते. तुतारीचा, म्हणजे आरीच्या काठीचा, वापर ते करीत. हे मी लपवून ठेवणार नाही, त्या काळी बहुतेक सगळेच करीत. पण खांद शेकताना त्यांचा हात पाठीवरून, पुठ्ठ्यावरून फिरे आणि आरीच्या खुणा हाताला लागत. तिथे ते थांबत. काही बोलत नसत, तिथेही तेल लावत. कृतज्ञतेवर पुढे जे काही वाचले त्यात मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटत आली. कोणाचे उपकार मानायला बसले की आधी त्याच्याकडे नीट पाहावे लागते, आणि पाहिले की आपण त्याच्याकडून काय घेतले ते दिसते. पोळ्याने हे पाहणे सक्तीचे करून ठेवले.

खांद्याला नेमके काय होते हे दवाखान्यातल्या भाषेत सांगतो. बैलाच्या वशिंडाच्या पुढे, मानेच्या मुळाशी जू टेकते. ओढ लागली की जनावराचा सगळा जोर हातभर रुंदीच्या लाकडातून त्या कातडीवर येतो. आधी केस जातात. मग कातडी जाड होते, घट्टा पडतो. पावसात जू भिजते, लाकूड खरबरीत होते, शिवळा, म्हणजे जुवातल्या खुंट्या, ढिल्या होतात, आणि जू जागच्या जागी घासायला लागते. कातडीखाली पाणी साचते, गाठ येते, कधी पू होतो. याला खांदेसूज म्हणतात. पहिल्या आठवड्यात सापडली तर शेक, मलम आणि विश्रांती एवढ्यावर बरी होते. महिना गेला तर चीर देऊन पू काढावा लागतो आणि बैल हंगामभर बसतो. गरम पाण्याने पुसणे, हळद, स्निग्ध पदार्थाने मालीश आणि दुसऱ्या दिवशी जू न घेणे, यात पशुवैद्याने सुधारावे असे फार थोडे आहे. आणि हे सारे घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने करायचे असल्यामुळे लपलेली गाठही त्याच दिवशी हाताला लागे. पोळ्याच्या आदल्या दिवशी रात्री दार वाजले की मी औषधाची पेटी घेऊनच बाहेर येत असे. खांदा चोळताना काहीतरी सापडलेले असायचे.

आता हा सण श्रावणाच्या अमावास्येलाच का? पिठोरी अमावास्या म्हणून धार्मिक उत्तर तयार आहे, पण विदर्भाच्या शेतीकडे पाहिले की दुसरे उत्तर मिळते. मृगात पेरणी. त्यानंतर दोन-अडीच महिने डवरणी चालते, कपाशीच्या दोन ओळींमधून बैल सारखे फिरत असतात. श्रावण संपता संपता पीक इतके वाढते की डवरा आत घालता येत नाही. बैल मोकळा होतो तो तेव्हा. खांद्याची हालतही तेव्हाच सगळ्यांत वाईट असते. मी काही वर्षे सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे नोकरीला होतो. तिकडे हाच सण बेंदूर म्हणून आषाढ पौर्णिमेच्या सुमाराला येतो. सीमेलगतच्या गावांत कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेलाच होऊन जातो. पुण्याच्या आसपास पुष्कळ गावांत भाद्रपदातल्या अमावास्येला पोळा असतो, तो भादवी पोळा. एकाच राज्यात एकाच सणाच्या इतक्या तिथ्या. पाऊस कुठे कधी येतो आणि कुठे कोणते पीक, यावरून तिथी ठरली असावी असे मला या फिरतीत वाटत गेले. आटपाडीकडचा मुलूख खिलार बैलांचा. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेत बैल घेताना माणसे आधी खांदा दाबून पाहतात, दात नंतर.

या नात्याचे वय किती? पोळा किती जुना हे मी सांगणार नाही, कारण सणाचा दाखला जमिनीत सापडत नाही. बैल मात्र सापडतो. प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून गाव आहे, श्रीरामपूर तालुक्यात. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथी म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ. हाकणारा उभा आहे. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. त्यांचा काळ अभ्यासक चार हजार वर्षांच्या आसपास नेतात, त्यावर वादही आहे. जू मात्र वादापलीकडचे आहे, ते दोन्ही बैलांच्या मानेवर जिथे असायला हवे तिथेच आहे.

दुसरी जागा इनामगाव, शिरूर तालुक्यात घोड नदीवर. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ तिथे खोदाई केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्यासारखी माणसे त्यात होती. तिथल्या एका घरात जमिनीखाली मातीची झाकणदार पेटी पुरलेली मिळाली. आत शीर नसलेली स्त्रीमूर्ती, तिच्यासोबत आणखी एक मूर्ती आणि एक मातीचा बैल. मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला भोके आहेत, काडी घातली की ती बैलावर बसते. सुमारे तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कच्ची माती, भाजलेलीसुद्धा नाही. ज्या घराने ही मूर्ती पुरली त्या घरात सातू, गहू, डाळी पिकत होत्या आणि गुरे होती. त्या माणसांच्या मनात काय होते हे मी गृहीत धरत नाही. पण आजही ज्याच्या घरी बैल नाही तो पोळ्याला कुंभाराकडून मातीची जोडी आणतो आणि देव्हाऱ्यापाशी ठेवून पूजतो. मला इनामगावची ती पेटी आणि ही जोडी एकाच पानावर ठेवाव्याशा वाटतात.

लिखित दाखला हवा तर ‘कृषिपराशर’ हा संस्कृत ग्रंथ आहे, शेतीवरचा. त्यात बैलांसाठी वेगळे पर्व सांगितले आहे, कार्तिकाच्या प्रतिपदेला. तेल-हळद लावून, सजवून गुरे गावातून फिरवावीत असा विधी आहे. त्याच ग्रंथात नांगराला किती बैल जुंपावेत याचाही हिशेब येतो. आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा व्यवहाराचा, चारांचा निर्दयाचा, आणि दोनच बैलांवर नांगर ओढून घेणाऱ्याला तर तो फार कडक शब्द वापरतो. बैलाचे कौतुक सांगणाऱ्या ग्रंथाने त्याच्यावर किती ओझे टाकावे याची हद्दही लिहून ठेवली, म्हणून मला तो ग्रंथ मोठा वाटतो. नुसता हार घालून तो थांबला नाही.

ती हद्द प्रत्यक्षात पाळली गेली का? काळ्या जमिनीत खोल नांगरट करायला चार बैल, सहा बैल, कुठे आठ लागायचेच. पण गरीब शेतकऱ्याकडे एक जोडी, कित्येकांकडे तर एकच बैल. मग शेजाऱ्याचा एक आणि आपला एक अशी वारंगुळ्याची जोडी लावत. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. लोखंडी नांगर आले तेव्हा बैलांवरचे ओझे आणखी वाढले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीती होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट किर्लोस्करांच्या कर्तृत्वाची म्हणून सांगतात, ती आहेच. बैलाच्या बाजूने बघितले तर त्या नांगराने जमीन खोल फाडली आणि ओढ वाढवली.

त्याच्या वीस वर्षे आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात त्यांनी जंगलखात्याने गायराने गिळल्याची आणि त्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा उरली नसल्याची तक्रार अगदी स्पष्ट मांडली आहे. १८७८ चा जंगल कायदा नुकताच झाला होता. त्याआधीची दोन वर्षे दुष्काळाची. उपकाराची फेड करायची इच्छा असली तरी दावणीत टाकायला वैरण लागते, आणि ती कोणाच्या हातात आहे हा प्रश्न फुल्यांनी सणासुदीच्या बोलण्यात कधीच न येणाऱ्या जागी नेऊन ठेवला. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. लोकांनी बैल मिळेल त्या भावात दिले. त्या वर्षीचा पोळा मला आठवतो, तोरण बांधले होते आणि खाली जोड्या थोड्या होत्या.

पोळ्याच्या दिवसाबद्दल थोडे. सजावट हे सबंध गावाचे काम होते. वेसण, मोरकी, कासरे, दोरखंड मातंग समाजाची माणसे वळून देत. घुंगरमाळेचा पट्टा चर्मकाराकडचा, शिवळा आणि जू सुताराचे, पत्र्या लोहाराकडच्या. पोळ्याला जुने दोर टाकून नवे घालायचा रिवाज होता, म्हणजे या सगळ्यांना त्या दिवशी काम आणि धान्य मिळे. तोरणाखाली बैल लागले की झडत्या, म्हणजे पोळ्याची कवने, म्हणायच्या. कोणी देवाच्या म्हणे, कोणी सावकाराची नाहीतर कापसाच्या भावाची खरडपट्टी काढे, आणि शेवटी सगळे मिळून हर हर महादेव. तोरण तुटले की पोळा फुटला. मग बैल घरोघर न्यायचे, प्रत्येक घरची बाई पाय धुवून ओवाळायची, पुरणाची पोळी द्यायची, आणि बैलासोबत आलेल्या माणसाच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, ठेवायची. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो, लाकडी बैल घेऊन. तो दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे तिथले लोक सांगतात. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनीही पोळ्यावर कविता केली आहे, आणि त्या शेतात राबलेल्या होत्या हे त्या कवितेतून कळते.

सालदाराला, म्हणजे वर्षावर ठेवलेल्या गड्याला, पोळ्याला नवे कपडे द्यायचे आणि पानावर आपल्या बरोबरीने बसवायचे. आमच्या सालदारांना आम्ही मुले मामा म्हणायचो. त्या दिवशी पहिले ताट बैलांचे, दुसरे मामांचे, मग वडिलांचे. वर्षात एकदाच हे होई. एकदाच का, हा प्रश्न मला मोठे झाल्यावर पडला.

आणि मान. तोरणाखाली पहिली जोडी पाटलाची, त्यामागे दुसऱ्या मानकऱ्याची, आणि कित्येक गावांत दलितांच्या जोड्या सगळ्यांत मागे. काही गावांत त्यांचा पोळा वेगळाच भरे. मानावरून काठ्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि जखमी बैल मध्यरात्री टाके घालायला माझ्यापुढे आणलेले पाहिले आहेत. ज्याच्या नावाने सण त्याच्याच अंगावर वार. कृतज्ञतेचा उत्सव म्हणून पोळ्यावर लिहिणारे हे सोडून देतात. मला ते सोडवत नाही. बैलाला पाहुणा म्हणणाऱ्या गावाला शेजारचा माणूस रांगेत बरोबरीने उभा राहिलेला चालत नसेल, तर त्या सणाचे अर्धे काम व्हायचे राहिले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी असे, हेही सांगायला हवे. वर्षभर कडबा-कुटार खाणाऱ्या जनावराला घराघरांतून पुरण, पोळ्या, भरडा, पीठ मिळते. रवंथाच्या पोटात हे भराभर आंबते, आम्ल वाढते, पोट तटते, बैल दात खातो आणि बसतो. खायचा सोडा पाण्यातून पाजणे हा पहिला उपाय, जास्त झाले तर सलाईन. माझा सल्ला एवढाच असे की प्रत्येक घरी एक घास, तोही चवीपुरता. दुसरी गोष्ट शिंगांची. शिंगे साळून गुळगुळीत करायची आणि ऑइल पेंट फासायचा ही पद्धत वाढली आहे. शिंगाचा कर्करोग आपल्याकडे बैलांत अधिक आढळतो, आणि त्यात सततची इजा व रंगद्रव्ये यांचा वाटा असल्याचा संशय पशुवैद्यकात जुना आहे. पूर्वी हिंगूळ लावत, तोही पाऱ्याचा, फारसा निर्धोक नव्हता. गेरू आणि तेल यावर भागते. बैलाला आरशात पाहायचे नसते.

निवृत्तीनंतर हृदयात स्टेंट बसवावा लागला. त्यानंतर औषधांच्या यादीखाली डॉक्टरीणबाईंनी लिहिले, रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा, ज्यांबद्दल उपकार वाटतो. मी मूळचा शास्त्राचा माणूस, म्हणून लिहायच्या आधी आधार शोधला. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे गट केले, एकाने दहा आठवडे दर आठवड्याला उपकार वाटणाऱ्या पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने पाच कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. पहिल्या गटाने शरीराच्या तक्रारी कमी सांगितल्या आणि व्यायाम जास्त केल्याचे नोंदवले. स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांवर केलेल्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात लिहिणाऱ्यांची झोप सुधारली. २०१५ मध्ये पॉल मिल्स आणि सहकाऱ्यांनी हृदय कमजोर होऊ लागलेल्या, पण त्रास अजून सुरू न झालेल्या १८६ रुग्णांची पाहणी छापली. ज्यांचा स्वभाव कृतज्ञतेचा, त्यांची झोप बरी, थकवा आणि उदासी कमी, रक्तातली दाह दाखवणारी काही द्रव्येही कमी. यावरून कृतज्ञतेने हृदय सुधारते असे सिद्ध होत नाही, दोन गोष्टी बरोबर आढळल्या एवढेच. २०२१ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, २७ अभ्यासांचा. नैराश्य आणि चिंता यांवर परिणाम आढळला, पण लहान. औषध सोडून वही धरावी इतका नक्कीच नाही.

मी वही लिहितो. झोप थोडी बरी लागते. पण त्या अभ्यासांत मला एक उणीव जाणवत राहते. त्यात कृतज्ञ माणसाचे काय झाले ते मोजले आहे. ज्याचे उपकार मानले, त्याच्या खांद्याचे काय झाले? वहीत लिहिले आणि वही मिटली, तर त्याला कळणारही नाही. मार्टिन सेलिग्मन यांच्या २००५ च्या प्रयोगात माणसांनी पत्र लिहून स्वतः नेऊन वाचून दाखवायचे होते. तिथे लगेचचा परिणाम मोठा आला, महिनाभर टिकला आणि तीन महिन्यांपर्यंत ओसरला. मला यात नवल वाटले नाही. पोळासुद्धा दर वर्षी करावा लागतो. दुसऱ्या बाजूनेही थोडे शास्त्र आहे. गाई एकमेकींना जिथे चाटतात तिथे, म्हणजे मान आणि खांद्यापाशी, माणसाने चोळले तर त्या मान लांबवतात आणि कान लोंबते सोडतात, असे व्हिएन्नातल्या संशोधकांनी नोंदवून ठेवले आहे. पाखऱ्या हेच करायचा.

आता बैलच कमी झाले. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांची तुलना केली तर देशातल्या नर गोवंशाची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आली, म्हणजे सात वर्षांत तीस टक्के घट. देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, खिलार या आपल्या जाती ओळखणारी माणसेही त्यांच्याबरोबर जात आहेत. ट्रॅक्टर तासाभरात उरकतो आणि उभा असताना खात नाही, शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने बैल कत्तलीला देणे बंद झाले, पण थकलेल्या बैलाची वैरण कोणी भरायची हे त्या कायद्याने शेतकऱ्यावरच सोडले. वर्षातून एक दिवस पुरणपोळी घालणे सोपे, काम न करणारा बैल मरेपर्यंत सांभाळणे कठीण. पूर्वीही सगळे सांभाळत नसत. ज्यांनी सांभाळले त्यांचे गोठे मी पाहिले आहेत, आणि त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. लम्पीच्या साथीत, २०२२ आणि २०२३ ला, बऱ्याच ठिकाणी बैल एकत्र आणायला बंदी आली. लोकांनी घरच्या घरी पोळा केला. तोरण नव्हते, झडत्या नव्हत्या, मानाची भांडणे नव्हती, खांदशेकणी तेवढी सगळीकडे झाली.

गावातल्या तोरणाखाली हल्ली ट्रॅक्टरही उभे राहतात, बोनेटला हळदकुंकू लावून. मला त्यात वाईट काही दिसत नाही, खंडेनवमीला आपण हत्यारे पूजतोच. पण ट्रॅक्टरला खांदा नसतो. शेतात खांदा, कंबर, गुडघे अजून कोणाचे झिजत असतील तर ते निंदणाला येणाऱ्या बायांचे. कपाशीत, सोयाबीनमध्ये पावसाळाभर वाकून बसायचे, दिवस दिवस. बैलाला दोन तासांनी पाणी दाखवायचा नियम होता. या बायांसाठी तसा नियम कोणी केला नाही, आणि सणही नाही.

आमच्या घरी आता बैल नाहीत. भावाने शेत ठेवले आहे. अलीकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही निंदणाच्या बायांना घरी बोलावतो, आवतण त्याच्याही आदल्या दिवशी दारात जाऊन देतो, जसे आई देत असे तसे. वहिनीने पहिल्या वेळी साड्या आणल्या होत्या. जेवण झाल्यावर माझी पुतणी, जी फिजिओथेरपी शिकली आहे, ती एकेकीची पाठ तपासायला बसली. साडीचे कौतुक झाले, पण बायांनी वेळ दिला तो या तपासणीला. कंबर, माकडहाड, उजवा गुडघा, विळा धरणाऱ्या मनगटाची गाठ. कोणी तरी पहिल्यांदाच तिथे हात लावून विचारले होते. त्यांच्यातल्या सगळ्यांत जाणत्या बाईने वहिनीला सरळ सांगितले, “बाई, लुगडं पुढच्या वर्षी नका आणू. उभ्यानं चालवता येईल असं कोळपं आणा, अन् दुपारी अर्धा घंटा जास्तीचा द्या.” भावाने सायकल कोळपी घेतली. ओळीमधले गवत त्याने उभ्याने निघते, रोपाजवळचे अजून वाकूनच काढावे लागते. अर्धा तास सुट्टी सुरू झाली आहे. मजुरी किती वाढवायची यावर बोलणे चालू आहे, आणि बाया मागतात तो आकडा मला रास्त वाटतो.